साखळी करवत : निवड, निगा आणि वृक्षकामगारांची सुरक्षा

गोविंदपुरम् (जि. तंजावूर) : ईशान्य मोसमी पावसाचे ढग कावेरीच्या त्रिभुज प्रदेशावर जमू लागले की रस्त्याकडेच्या चिंचा, कडुनिंब, पर्जन्यवृक्ष आणि परसातले माड यांच्या छाटणीला वेग द्यावा लागतो. पूर्वी कुऱ्हाड आणि दोघांनी ओढायची मोठी करवत यांवर चालणारे हे काम आता साखळी करवतीकडे, म्हणजेच बोलीभाषेतल्या ‘चेन सॉ’कडे किंवा नुसत्या ‘कटर’कडे, आले आहे. तासांचे काम मिनिटांवर आले. त्याबरोबर चूक सावरण्यास मिळणारी सवडही नाहीशी झाली. यंत्र विकत घेताना पहिला प्रश्न बहुधा ‘किती सीसी?’ असा असतो. प्रत्यक्षात कामाचा वेग आणि ते करणाऱ्याचा जीव या दोन्ही गोष्टी इंजिनाच्या ताकदीपेक्षा साखळीची धार, ब्रेकची स्थिती आणि कामगाराचे प्रशिक्षण यांवर अधिक अवलंबून असतात.

कावेरीचा काठ आणि कोकणचा किनारा

कुंभकोणम्–मयिलाडुतुरै मार्गावर आडुतुरैजवळ वसलेले गोविंदपुरम् मराठी भाविकांना अपरिचित नाही. नामसंकीर्तन परंपरेतील बोधेंद्र सरस्वती यांचे अधिष्ठान येथे आहे आणि पंढरपूरच्या परंपरेशी नाते सांगणारे विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य मंदिरही. १६७६ ते १८५५ या काळात तंजावरावर भोसले घराण्याची सत्ता होती. त्यामुळे या भूमीचा मराठीशी संबंध जुना आहे. मात्र वृक्षकामाच्या दृष्टीने पाहता तंजावूर आणि कोकण यांना जोडणारा आणखी एक धागा आहे, तो म्हणजे माड आणि वादळ.

१६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे ‘गज’ चक्रीवादळ नागपट्टिनम आणि वेदारण्यम् यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. हवामान विभागाच्या नोंदीनुसार वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता आणि झोत १२० किलोमीटरपर्यंत पोहोचले होते. तंजावूर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील पट्टुकोट्टै, पेरावूरणी आणि ओरत्तनाडु या नारळपट्ट्यांना सर्वाधिक तडाखा बसला आणि लाखो माड आडवे झाले. तमिळनाडू सरकारने प्रत्येक माडामागे १,१०० रुपयांची मदत जाहीर केली. त्यातले ६०० रुपये झाडाच्या नुकसानीचे होते आणि ५०० रुपये पडलेले झाड कापून हलविण्यासाठी. हेक्टरी १७५ झाडे धरून ही रक्कम १,९२,५०० रुपये होत होती. कापणी आणि वाहतूक हा नुकसानीइतकाच मोठा खर्च आहे, हे या हिशेबातून स्पष्ट झाले.

पडलेले माड लवकर हलविण्यामागे आणखी एक कारण असते. कुजणारी खोडे ही गेंड्या भुंग्याच्या पैदाशीची जागा. ती बागेत पडून राहिली तर वादळातून वाचलेल्या आणि नव्याने लावलेल्या माडांवर भुंग्याचा हल्ला होतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस धडकले, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, दापोली या पट्ट्यातील नारळ-पोफळीच्या बागायतदारांपुढे हाच प्रश्न उभा राहिला होता. अशा वेळी गावात चालू स्थितीतील किती करवती आहेत आणि त्या चालविता येणारे किती हात आहेत, यावर रस्ते किती दिवसांत मोकळे होतात आणि बागा किती महिन्यांत सावरतात, हे ठरते.

यंत्राची वाटचाल

जर्मन अभियंता आंद्रेआस स्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी आणि १९२९ मध्ये पेट्रोलवर चालणारी साखळी करवत तयार केली. ती यंत्रे अवजड होती आणि चालविण्यास दोन माणसे लागत. एका माणसाला पेलेल असे यंत्र दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारात आले. साखळीच्या रचनेत निर्णायक बदल केला तो अमेरिकेतील लाकूडतोडे जोसेफ कॉक्स यांनी. लाकूड पोखरणारी अळी आपले जबडे आळीपाळीने डावीउजवीकडे चालवीत कशी पुढे सरकते, याचे निरीक्षण करून त्यांनी १९४७ मध्ये डावे व उजवे दात एकाआड एक असलेली साखळी बनविली. आजच्या साखळ्यांचे दात त्याच तत्त्वावर बेतलेले आहेत. हाताच्या ढकलीने किंवा यंत्राच्या झटक्याने साखळी थांबविणारा ब्रेक १९७० च्या दशकात आला. सुरक्षेच्या दृष्टीने हा सर्वांत मोठा टप्पा मानला जातो.

कामानुसार निवड

साखळी करवत ही एका कामासाठी घ्यायची आणि सर्व कामांना वापरायची वस्तू नव्हे. व्यावसायिक पथकाकडे किमान दोन वेगवेगळ्या क्षमतेची यंत्रे असणे इष्ट ठरते.

फांद्या छाटणे, झुडपे काढणे आणि पडलेल्या झाडाचा विस्तार साफ करणे यासाठी ३५ ते ४५ सीसी क्षमतेचे हलके यंत्र आणि १४ ते १६ इंचांचा गाईड बार पुरेसा असतो. मध्यम जाडीची झाडे पाडणे, ओंडके करणे आणि माडाची खोडे कापणे यासाठी ५० ते ६० सीसी आणि १८ ते २० इंचांचा बार योग्य. वड, चिंच, पर्जन्यवृक्ष यांच्या जुन्या बुंध्यांसाठी ७० सीसी किंवा त्याहून मोठे यंत्र लागते. लहान इंजिनावर लांब बार चढविण्याचा मोह टाळावा. त्यामुळे साखळीचा वेग घटतो, क्लच तापतो आणि कामगार यंत्र दाबू लागतो.

वरच्या बाजूला मूठ असलेली छोटी करवत झाडावर चढून काम करणाऱ्यांसाठी बनविलेली असते. ती हलकी व आटोपशीर असल्याने जमिनीवरही वापरली जाते. मात्र एका हाताने चालविण्याचा मोह तिच्याबाबत सर्वाधिक होतो आणि उसळी आल्यास ती थेट चेहऱ्याकडे किंवा खांद्याकडे येते. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ११६८१ मध्ये वनकामाच्या करवतींसाठी एक आणि झाडावर वापरायच्या करवतींसाठी दुसरा, असे स्वतंत्र भाग आहेत, ते याच कारणाने. जमिनीवरून उंच फांद्या कापण्यासाठी लांब दांड्याची करवत अधिक सुरक्षित असते.

बॅटरीवरील करवतींचा आवाज आणि कंप कमी असतो आणि धूर नसतो. रुग्णालय, शाळा, मंदिर यांच्या आवारातील छाटणीला त्या सोयीच्या ठरतात. दिवसभराच्या कामासाठी मात्र अनेक बॅटऱ्या आणि विजेची सोय हवी. वादळानंतर वीजच नसते, तेव्हा पेट्रोलच्या यंत्राला पर्याय राहत नाही.

यंत्राच्या नावातील सीसीचा आकडा म्हणजे शक्ती नव्हे. शक्ती किलोवॅटमध्ये दिलेली असते. तिची वजनाशी तुलना करावी. त्याखेरीज साखळी ब्रेक, तुटलेली साखळी अडविणारा खुंटा, चुकून दाबला जाऊ नये असा थ्रॉटलचा कुलूपवजा खटका, मागच्या मुठीखालचा हातरक्षक आणि कंपरोधक स्प्रिंगा किंवा रबरे या पाच गोष्टी यंत्रावर आहेत का, हे दुकानातच पाहावे. सुटे भाग आणि दुरुस्तीची सोय तालुक्याच्या ठिकाणी नसेल तर स्वस्त यंत्र पहिल्याच हंगामात महाग पडते.

साखळी बदलताना तीन मापे जुळावी लागतात : सलग तीन रिव्हेटांमधील अंतराच्या निम्मे असणारे पिच, बारच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी आणि अशा कड्यांची संख्या. पिच सामान्यतः ०.३२५ इंच किंवा ३/८ इंच असते. कडीची जाडी १.१, १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर. ही मापे बारवर कोरलेली असतात. ‘बसते आहे ना’ एवढ्यावर घेतलेली साखळी बार आणि स्प्रॉकेट दोन्ही झिजविते.

माडाचे खोड वेगळे का

साग किंवा आंब्याच्या खोडात गाभा कठीण आणि बाहेरचा थर तुलनेने मऊ असतो. माडात हे उलटे असते. सालीलगतचा थर अतिशय घट्ट आणि मध्यभाग मऊ, स्पंजासारखा. शिवाय माडाच्या लाकडात सिलिका असते आणि ती धार लवकर घालविते. वादळात पडलेल्या खोडाला माती व वाळू चिकटलेली असते, ती आणखी वेगळी. त्यामुळे आंब्याच्या लाकडावर बराच वेळ टिकणारी धार माडावर फार लवकर जाते. तुटलेले तंतू क्लचच्या झाकणाखाली साठतात, तेलाचे छिद्र बुजवितात आणि उष्णता अडकवितात.

यावर उपाय साधे आहेत. कापण्यापूर्वी खोडावरील माती कुऱ्हाडीच्या पाठीने किंवा ताठ झाडूने काढावी. खोडाखाली ओंडका सरकवून ते जमिनीपासून उचलावे, म्हणजे साखळी मातीत जात नाही. माडाच्या कामाला निघताना धार लावलेल्या दोन-तीन साखळ्या बरोबर ठेवाव्यात; बोथट साखळी तिथल्या तिथे बदलावी आणि संध्याकाळी सर्वांना एकत्र धार लावावी. प्रत्येक वेळी टाकी भरताना झाकण उघडून तंतू काढावेत.

धार : निगेचा गाभा

साखळीला धार आहे की नाही, हे भुशावरून कळते. धारदार साखळी जाडसर कपचे उडविते. बोथट साखळी पीठ पाडते. यंत्र दाबावे लागणे, कापातून धूर येणे, काप एका बाजूला वळणे ही पुढची लक्षणे. बोथट साखळी अधिक सुरक्षित असते हा समज घातक आहे. तिला जोर लावावा लागतो, जोर लावणाऱ्याचा तोल जातो आणि थकलेला हात उसळी रोखू शकत नाही.

धार लावण्यास गोल कानस वापरतात. तिचा व्यास साखळीनुसार ठरतो : ३/८ इंच पिचच्या कमी उंचीच्या साखळीस ४ मिलिमीटर, ०.३२५ इंच पिचला ४.८ मिलिमीटर आणि पूर्ण आकाराच्या ३/८ इंच साखळीस ५.२ किंवा ५.५ मिलिमीटर. बहुतेक साखळ्यांना ३० अंशांचा कोन लागतो. दाताच्या माथ्यावर त्याची खूण असते. कानस दाताच्या आतून बाहेर, एकाच दिशेने चालवावी. मागे आणताना उचलावी. आधी एका बाजूचे सर्व दात आणि मग दुसऱ्या बाजूचे, प्रत्येकाला सारखेच हात द्यावेत. सर्वांत आखूड दात शोधून इतर दात त्याच्याइतके करावेत. दात लहानमोठे राहिले तर काप वाकडा जातो.

प्रत्येक दातापुढे एक छोटा उंचवटा असतो. दाताने लाकडात किती खोल शिरावे, हे तो ठरवितो. त्याची उंची दाताच्या टोकापेक्षा सामान्यतः ०.६५ मिलिमीटर कमी असावी. काही वेळा धार लावल्यावर हे माप पट्टीने तपासून उंचवटा सपाट कानशीने उतरवावा. नजरेच्या अंदाजाने तो जास्त उतरविला तर साखळी लाकडात अडकून झटके देते आणि उसळीचा धोका वाढतो. दाताची लांबी ४ मिलिमीटरवर आली की साखळी बाद समजावी.

तेल, इंधन आणि ताण

साखळी आणि बार यांना स्वतंत्र तेल लागते. ते चिकट असते, म्हणून वेगाने फिरणाऱ्या साखळीवरून फेकले जात नाही. वाहनाचे काढलेले जुने तेल वापरण्याची पद्धत सर्वत्र दिसते. त्यातील धातूचे कण पंप आणि बार झिजवितात आणि तेल माती व विहिरीच्या पाण्यात जाते. काम सुरू करण्यापूर्वी बारचे टोक स्वच्छ बुंध्यासमोर धरून यंत्र थोडे चालवावे. तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे.

इंजिन टू-स्ट्रोक असल्याने पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. योग्य दर्जाच्या टू-स्ट्रोक तेलाचे प्रमाण बहुतेक आधुनिक यंत्रांसाठी ५०:१ असते, म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर आणि पाच लिटरला १०० मिलिलिटर. तेल कमी पडले तर पिस्टन काही मिनिटांत जाम होतो. फेब्रुवारी २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री टप्प्याटप्प्याने सुरू झाली. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि जुन्या यंत्रांतील रबरी पडदे व नळ्या त्याने खराब होऊ शकतात. आपल्या यंत्रास किती इथेनॉल चालते, हे पुस्तिकेत पाहावे. मिश्रण गरजेपुरतेच करावे आणि महिन्याहून अधिक साठवू नये.

साखळीचा ताण यंत्र थंड असताना तपासावा. ती बारच्या खालच्या बाजूस टेकलेली असावी, तरी हातमोजा घातलेल्या हाताने सहज सरकावी. तापल्यावर साखळी लांबते आणि पुन्हा ताणावी लागते. काम संपल्यावर ती सैल करावी, अन्यथा थंड होताना आकसून क्रँकशाफ्टवर भार येतो.

निगेचे वेळापत्रक

रोजच्या कामानंतर एअर फिल्टर झटकून स्वच्छ करावा, क्लचचे झाकण आणि सिलिंडरच्या पट्ट्यांमधील भुसा काढावा, बारची खाच व तेलाचे छिद्र मोकळे करावे आणि नट-स्क्रू आवळावेत. साखळी ब्रेक दररोज, काम सुरू होण्यापूर्वी तपासावा. साखळी फिरत असताना डाव्या मनगटाने पुढचा हातरक्षक ढकलला की ती तत्क्षणी थांबली पाहिजे. थांबत नसेल तर त्या दिवशी ते यंत्र वापरू नये.

आठवड्यातून एकदा बार उलटा करून बसवावा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. कडांवर आलेली धातूची कोर सपाट कानशीने काढावी. स्पार्क प्लग साफ करून त्यातील फट ०.५ मिलिमीटर आहे का ते पाहावे. दोन साखळ्या झिजल्या की स्प्रॉकेट बदलणे हिताचे. जुन्या स्प्रॉकेटवर नवी साखळी वेगाने खराब होते. यंत्र काही महिने ठेवायचे असल्यास टाकी रिकामी करून कार्ब्युरेटरमधील इंधन संपेपर्यंत इंजिन चालवावे आणि साखळी-बार काढून तेल लावून ठेवावेत. कोकणात पावसाळा जूनमध्ये येतो, कावेरीच्या प्रदेशात मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. संपूर्ण तपासणीचा महिना त्या त्या भागाने त्यानुसार ठरवावा. वादळाचा इशारा आल्यावर दुरुस्तीच्या दुकानापुढे रांग लागते.

उसळी, ताणलेले खोड आणि विजेची तार

बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश लाकडाला किंवा दुसऱ्या फांदीला लागला की यंत्र क्षणार्धात वर व मागे उसळते. पूर्ण वेगात साखळी सेकंदाला २० मीटर किंवा त्याहून अधिक अंतर कापते. माणसाची प्रतिक्रिया तिला गाठू शकत नाही. म्हणून दोन्ही हातांची पकड, डावा अंगठा मुठीखालून वळलेला, यंत्र खांद्याच्या खाली आणि शरीर कापाच्या रेषेबाहेर, ही शिस्त सवयीने अंगी बाणवावी लागते. यंत्र जमिनीवर ठेवून, ब्रेक लावून, मागच्या मुठीत पाय रोवून सुरू करावे. हातात लोंबकळत ठेवून दोरी ओढू नये.

वादळात पडलेले झाड उभ्या झाडापेक्षा धोकादायक असते. वाकलेल्या फांदीची एक बाजू दाबलेली आणि दुसरी ताणलेली असते. दाबलेल्या बाजूस आधी उथळ काप द्यावा, नंतर ताणलेल्या बाजूने कापावे. उलट केल्यास बार चिमटला जातो किंवा फांदी उसळून आदळते. मुळासकट उपटलेल्या झाडाचे खोड कापून वेगळे केले की मुळांचा गड्डा मातीच्या वजनाने पुन्हा उभा राहू शकतो. त्याच्या मागच्या खड्ड्यात कोणी, विशेषतः पाहायला जमलेली मुले, नसल्याची खात्री आधी करावी. फांद्यांत वीजवाहिनी गुंतली असेल तर वीज कंपनीने प्रवाह बंद केल्याची खात्री देईपर्यंत कोणीही हात लावू नये.

उभे झाड पाडताना पडण्याच्या दिशेला खोडाच्या व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या भागाएवढी खाच घेतात आणि मागून काप देताना व्यासाच्या सुमारे दहाव्या भागाची पट्टी न कापता ठेवतात. ही पट्टी बिजागरीसारखी वळते आणि झाडाला दिशा देते. पळण्याची वाट मागे तिरपी, आधीच साफ केलेली असावी. इतरांनी झाडाच्या दुप्पट उंचीएवढे अंतर राखावे.

साधनांत हेल्मेट, जाळीचा मुखरक्षक, कर्णरक्षक, हातमोजे, पोलादी टोकाचे बूट आणि करवतरोधक विजार यांचा समावेश होतो. या विजारीतील लांब तंतू साखळीत गुंतून ती थांबवितात. आयएसओ ११३९३ मानकानुसार वर्ग १ ची विजार सेकंदाला २० मीटर वेगाच्या, वर्ग २ ची २४ मीटर वेगाच्या साखळीवर तपासलेली असते. करवतीचा आवाज शंभर डेसिबलहून अधिक असतो आणि वर्षानुवर्षांच्या कंपाने बोटांचा रक्तपुरवठा बिघडून ती पांढरी व बधिर होतात. लुंगी किंवा बर्म्युडा आणि चपला घालून काम करणारा कामगार कोकणात आणि तंजावूरमध्ये सारखाच दिसतो. उष्ण व दमट हवेत जाड विजार नकोशी होते, हे खरे. त्यावर पहाटेचे काम, पाळ्या आणि सावलीतील विश्रांती हाच व्यवहार्य उपाय आहे.

पूरक यंत्रे आणि परवानगी

साखळी करवत एकटी पुरत नाही. दोर, पुली, हाताने चालविण्याची विंच, पाचरी, शिडी आणि प्रथमोपचार पेटी ही पथकाची मूलभूत सामग्री होय. शहरात हायड्रॉलिक पाळणा असलेले वाहन आणि क्रेन यांमुळे झाडावर चढण्याचा धोका कमी होतो. फांद्यांचे बारीक तुकडे करणारे श्रेडर यंत्र ग्रामपंचायत किंवा शेतकरी गटाने सामाईक घेतल्यास माडाच्या झावळ्या आणि फांद्यांचे खत व आच्छादन होते. श्रेडरमध्ये पाला हाताने ढकलणे आणि सैल कपडे घालून काम करणे टाळलेच पाहिजे.

झाड तोडण्यापूर्वी परवानगी आवश्यक असते. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांसाठी १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन कायदा आणि अन्यत्र १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा लागू आहे. अन्य राज्यांचे नियम वेगळे आहेत. ते कामापूर्वी पाहावेत. फिलिपिन्सने २००२ मध्ये कायदा करून साखळी करवतीची मालकी व वापर नोंदणीच्या कक्षेत आणला.

कंत्राटातील नोंद

छाटणीची कंत्राटे बहुधा झाडांच्या संख्येवर किंवा दिवसाच्या मजुरीवर ठरतात. त्यात साखळ्या, कानशी, बारचे तेल, विजार आणि हेल्मेट यांचा खर्च वेगळा दाखविला जात नाही, म्हणून काटकसरीची कात्री प्रथम त्यावरच चालते. नगरपालिका, देवस्थाने, गृहनिर्माण संस्था आणि बागायतदार यांनी काम देताना या बाबी स्वतंत्र लिहून घ्याव्यात, काम सुरू होण्यापूर्वी साखळी ब्रेकची चाचणी समक्ष पाहावी आणि कामगारांचा अपघात विमा असल्याची खात्री करावी. ब्रेकच्या या चाचणीला एक मिनिटही लागत नाही आणि ती पाहण्यास यंत्राचे ज्ञानही लागत नाही.